पाटोळेकाकांची अकरा बायबलं

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर मी पहिली सूचना लिफ्टमध्ये लावली, ‘लिफ्टचे दार हळू लावावे.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीनं, फळ्यावर काढावं तशा स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, ‘किंवा: दार लावावे.’

खाली सही नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. धायरीतल्या आमच्या चार मजली इमारतीत इतक्या सुंदर अक्षरात इतका आगाऊपणा करणारा माणूस एकच. दुसऱ्या मजल्यावरचे शांतवन पाटोळे.

नंतर कळलं, की बायबलच्या पानांखाली बारीक टाइपात अशा टिपा असतात. मूळ शब्दाचा आणखीही अर्थ होत असेल तर ‘किंवा’ लिहून तो खाली देतात. काकांनी ती पद्धत आमच्या नोटीस बोर्डापर्यंत आणली होती. ‘सर्वसाधारण सभेस सर्वांनी वेळेवर यावे’, याच्याखाली ‘किंवा: यावे.’

पाटोळेकाका खडकीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचा भाग केसाच्या निम्म्यानं जाड निघाला तरी तो बाजूला फेकायचा, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. निवृत्त झाल्यावर भाग मिळेनात, म्हणून त्यांनी माणसं तपासायला घेतली. तपासायचं त्यांचं वाक्य एकच होतं, “कोणत्या भाषांतरात?” आमचा वॉचमन यवतमाळकडचा. “सर, टँकर दहा मिनिटांत येऊन राहिला,” असं तो बिचारा सांगायचा. काका घड्याळाकडे बघत विचारायचे, “कोणत्या भाषांतरात?” प्लंबर म्हणाला, आता गळणार नाही, तरी तेच. मी एकदा म्हटलं, काका, आज बरे दिसताय. तेव्हाही तेच.

आमची ओळख जिन्यात झाली. दोन वर्षांपूर्वी ते नवीनच राहायला आले होते. सामानाच्या खोक्यावर बसून त्यांनी माझी तपासणी केली. नाव, नोकरी, शिक्षण. मी सांगितलं, “बी.ए., इतिहास. आमच्या घरातली पहिली पदवीधर.” हे मी नेहमी पूर्ण सांगते. विचारलं नसतं तरी सांगितलं असतं. माझे वडील स्वारगेटला एसट्या धुवायचे, आजोबांनी लोकांची गुरं राखली. मला कशाची लाज नाही आणि बी.ए.चा अभिमान आहे. काका म्हणाले, “वा.” आणि त्या दिवसापासून मी ‘पदवीधर’ झाले. “काय पदवीधर, पाणी कधी?” त्यात टोमणा किती आणि मान किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही. पण नवऱ्यासकट कुणीच मला त्या नावानं हाक मारत नव्हतं, म्हणून मी चालवून घेतलं.

लोक जिथं टीव्ही ठेवतात, तिथं पाटोळ्यांकडे बायबलं होती. अकरा. एक कातडी बांधणीचं, कडा झिजून गोल झालेलं जुनं मराठी. एक सोप्या मराठीतलं, शाळेच्या पुस्तकासारखं. एक मोठ्या टाइपातलं, दोन हिंदी, तीन इंग्रजी, एक रोमन लिपीतलं कोकणी. ते काकांना स्वतःलाच धड वाचता येत नव्हतं. उरलेली दोन रविवारच्या जुन्या पुस्तकबाजारातली, कव्हरं नसलेली. मला वाटलं, आयुष्यभराचा संग्रह आहे. इतकी कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “देव एकदाच बोलला. लिहून घेणारे पुष्कळ होते. कुणाला नीट ऐकू आलं असेल काय सांगावं? सगळ्यांना विचारलेलं बरं.”

मग त्यांनी आमच्याकडची चौकशी केली. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. छप्पन्न सालापासून. वंदना पालीत म्हणतो, लहानपणी अर्थ न कळता पाठ केली, पुस्तकात खाली मराठी अर्थ छापलेला असतो. “एकच अर्थ?” “एकच.” “मग तुमचं घर सुखी,” काका म्हणाले.

बायबल त्यांना नुसतं पाठ नव्हतं, आवडत होतं. आपल्याला एखाद्या नातेवाइकाची खोड आवडते, तसं. हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्तावर एका रविवारी पाळकसाहेब प्रवचन करत होते. नव्व्याण्णव मेंढरं सुरक्षित ठेवून मेंढपाळ एकाला शोधायला गेला, असं ते म्हणाले. काकांनी भर चर्चमध्ये हात वर केला. सुरक्षित कुठं लिहिलंय? रानात सोडून गेला असं लिहिलंय. त्या नव्व्याण्णवांकडे कोण बघत होतं? पाळकसाहेब म्हणाले, आपण नंतर भेटू. काका नंतर सरळ घरी आले. मला म्हणाले, “शहाणा मेंढपाळ असं करत नाही, पदवीधर. हा करतो. एकासाठी सगळा कळप वाऱ्यावर सोडतो. म्हणून मी ते पुस्तक वाचतो.”

एस्तेरकाकूंना मात्र आम्ही कुणी फारसं पाहिलंच नव्हतं. त्या आजारी असतात, एवढंच माहीत होतं. काकाही त्या विषयावर येत नसत.

मग तक्रार आली.

काकांच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये अभिजित राहतो. आयटीत आहे आणि घरूनच काम करतो. तो म्हणाला, “ताई, रोज संध्याकाळी सहाला लिटरली सेम गोष्ट. मोठ्यानं वाचतात. एकच पान, आठ-आठ वेळा. माझे तेव्हाच क्लायंट कॉल असतात. क्लायंटला वाटतं, मी चर्चमधून काम करतो.” शिवाय वाचतातही वाईट, दर ओळीला अडखळतात, असं तो म्हणाला. मला ते खरं वाटेना. काका आणि अडखळणार? पण नियम म्हणजे नियम. मी त्याच्याकडून लेखी अर्ज घेतला, सोसायटीचं पत्र तयार केलं आणि दुसऱ्या दिवशी सहाला पाटोळ्यांची बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं, पत्राकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून मला आत घेतलं. खिडकीशी खुर्चीत एस्तेरकाकू बसल्या होत्या. नीट नेसवलेली सुती साडी, वेणी घातलेली, पण वेणी जरा वाकडी. पुरुषानं घातलेली कळत होती. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहिलं.

काकांनी सोप्या मराठीतलं बायबल उघडलं. तेविसावं स्तोत्र, मेंढपाळाचं. ते वाचत गेले, आणि काठी हा शब्द आला तसा खिडकीकडून आवाज आला.

“आकडी.”

खणखणीत आवाज होता. वर्गातला.

“आकडी,” काका म्हणाले. मेंढपाळाच्या वाकड्या टोकाच्या काठीला जुन्या बायबलात तो शब्द आहे.

“पुन्हा म्हण. पाठ करून यायला सांगितलं होतं ना, मुला?”

“चुकलो, बाई,” काका म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले. दोन ओळींनी त्यांना पुन्हा थांबवलं गेलं. मग त्यांनी ते पुस्तक ठेवून दुसरं घेतलं. तिथले शब्द आणखी वेगळे. काकूंनी तीनदा अडवलं. हिंदीला त्या नुसत्या “हे काय?” म्हणाल्या. पाऊण तास तो वर्ग चालला. मग काकू थकल्या आणि त्यांची नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली, आता कुणीच बोलवू शकणार नाही अशी.

स्वयंपाकघरात चहा टाकताना काकांनी सांगितलं. विस्मरणाचा आजार. दोन वर्षांपासून त्या त्यांना ओळखत नव्हत्या. दिवसभर एक शब्द नाही. पाणी हवं, नको, दुखतंय, काही नाही. काकू चाळीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवत होत्या. स्वतःला मूल नव्हतं, मग लोकांच्या मुलांकडून स्तोत्रं पाठ करून घेतली. ती तेवढी राहिली होती, जुन्या भाषांतरातली. जुनं वाचलं तर त्या शांत बसून ऐकत. ओळखीचं असायचं ना. चुकलं की बोलायच्या.

“म्हणून एवढी आणली,” काका म्हणाले. “प्रत्येकात वेगळं चुकायला मिळतं.”

देव आणि लिहून घेणारे वगैरे जे मला ऐकवलं होतं, ती सारवासारव होती तर.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती माझ्याकडे पाठ करून. सोपं भाषांतर त्यांच्या चर्चमध्ये आलं तेव्हा ते भांडले होते. जुन्या शब्दात कानामात्रा बदलणार असाल तर मी येत नाही, असं सांगून ते दुसऱ्या चर्चला जायला लागले. एस्तेरकाकू गेल्या नाहीत. तिथं त्यांची मुलं होती. नऊ वर्षं दर रविवारी दोघं एका रिक्षातून निघत. काकू आधी उतरत, काका पुढं जात. “नऊ वर्षं मी तिला रिक्षात बोललो नाही, पदवीधर. शब्दांसाठी.”

मी पत्र तसंच परत आणलं. अभिजितला सांगितलं, कॉल साडेसातला घे. का, म्हणाला. मी त्याला खाली घेऊन गेले आणि एक दिवस बसवलं. नंतर त्यानं एक गुजराती बायबल मागवून काकांना आणून दिलं. गुजराती आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

दिवाळीनंतर काकूंचं टोकणं कमी झालं. आधी आठ वेळा बोलायच्या, मग तीन, मग कधी एखादंच. काका मुद्दाम ओळी गाळायचे, शब्दांची अदलाबदल करायचे. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याची चूक सोडली नाही, तो माणूस रोज संध्याकाळी घाम येईपर्यंत चुकत होता. शेवटी सलग नऊ दिवस काकू काहीच बोलल्या नाहीत.

दहाव्या दिवशी काका माझ्या दारात आले. म्हणाले, “माझ्या आवाजाची तिला सवय झाली असेल. तुमचा नवा आहे. वाचाल का?”

मी गेले. इथं मला एक कबूल केलं पाहिजे. कर्वेनगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षी बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं होतं आणि माझ्या ‘न’ आणि ‘ण’ला वर्ग हसला होता. त्यानंतर घरी आरशापुढं वर्तमानपत्र वाचून वाचून मी जीभ अशी घासली, की पुन्हा कुणाची मला थांबवायची हिंमत झाली नाही. काकांनी माझ्या हातात जुनं बायबल दिलं, आणि मी तेविसावं स्तोत्र एका दमात, एकाही शब्दाला न अडखळता वाचून दाखवलं.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

“छान वाचता,” काका हळूच म्हणाले. “आता चुका.”

सांगायला सोपं आहे. मी पुन्हा सुरुवात केली. तोंड उघडलं की बरोबरच शब्द यायला लागला. तिसऱ्या वेळी डोळे मिटले आणि मेंढपाळाच्या जागी जे तोंडात आलं ते बोलून टाकलं. गुराखी. आमचे आजोबाच आले होते तोंडात.

“मेंढपाळ!” काका कडाडले.

त्यांनीच मला चुकायला सांगितलं होतं. पण राहवलं नाही. तपासनीस तो तपासनीस. स्वतःच्याच आवाजानं दचकून त्यांनी जीभ चावली.

तेव्हा एस्तेरकाकू बोलल्या. वर्गातला आवाज नव्हता तो. घरातला होता, जरा थकलेला.

“अहो, राहू द्या. शिकेल ती.”

दोन वर्षं त्या काकांना ‘मुला’ म्हणत होत्या. काका पुढं वाकून म्हणाले, “एस्तेर?” पण त्या परत गेल्या होत्या, जिथं असायच्या तिथं. त्यानंतर त्या काहीच बोलल्या नाहीत. पाच आठवड्यांनी, एका सकाळी, काका वेणी घालत असताना गेल्या.

प्रेतसंस्काराला काकूंच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी वाचन केलं ते सोप्या मराठीतून. चर्चमधले अर्धे लोक चोरून काकांकडे बघत होते. काका पहिल्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी हात वर केला नाही.

आता बायबलं पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, जुनं तेवढं बाहेर. नोटीस बोर्डावर पेन्सिल चालत नाही. मी परवा मुद्दाम एक भोंगळ सूचना लावून पाहिली. आठवडाभर ती तशीच कोरी राहिली.

फक्त चार-आठ दिवसांनी काका मला जिन्यात गाठतात. आधी पाण्याचं विचारतात. मग म्हणतात, “त्या दिवशी तुम्ही होतात ना तिथं?”

“होते.”

“ती ‘अहो’ म्हणाली ना?”

“म्हणाल्या.”

“कुणाला?”

काकू त्या वेळी खिडकीबाहेर बघत होत्या. मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, “तुम्हाला. तुमच्याकडे बघून म्हणाल्या.” तेव्हापासून प्रत्येक वेळी तेच सांगते.

काल जरा घाईत होते. बोलता बोलता म्हणून गेले, “तुमच्याकडे वळून म्हणाल्या, काका.”

ते कठड्याला धरून थांबले.

“बघून म्हणाला होतात,” ते म्हणाले.

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

“हो,” मी म्हटलं. “बघून.”