मध्यस्थाची पात्रता

खणकन डब्याचं झाकण पडलं आणि दुपारची शांतता भंगली. स्वातीनं श्वास रोखला. मांडीवरचं तान्हं आत्ता कुठं झोपलं होतं. ते हललं, पण उठलं नाही.

शांतता हे सुव्यवस्थेचं लक्षण आहे. फक्त ती बाजारपेठेत नसावी. इथं मात्र ती बारा दिवस होती.

झालं ते सगळं रीतसर झालं. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरवायला आठवडी बाजाराचं मैदान लागलं. व्यापारी संघानं ते आनंदानं दिलं (मैदान संघाचं नव्हतं, आनंद होता). मोहफुलं, चारोळी डोक्यावर घेऊन पहाटेपासून चालत आलेल्या सतरा गावांना वेशीवरूनच परत धाडलं. सतरा ग्रामसभांनी पेठेवर बहिष्कार टाकला. गिऱ्हाईक येत नाही याच्या निषेधार्थ संघानं दुकानं बेमुदत बंद केली. बंद शंभर टक्के यशस्वी झाला. एकाही गिऱ्हाईकाची गैरसोय झाली नाही.

बाराव्या दिवशी मध्यस्थ शोधायचं ठरलं. सत्तेतल्या पक्षाचा माणूस गावांना चालेना, विरोधी पक्षाचा संघाला. शेवटी गावांनाच विचारलं. त्यांच्याकडून दसरू मोटरसायकलवर आला आणि खाली न उतरता सांगून गेला, "ज्यानं आमच्या घरी बसून जेवण केलं, त्यालेच पाठवा. बाकी कोणी येऊ नका."

अट सोपी होती. संघानं तातडीनं पाहणी केली. एकूण सभासद एक्केचाळीस. गावांना वर्षानुवर्षं मीठ विकणारे, एक्केचाळीस. 'ते आपलेच लोक' मानणारे, एक्केचाळीस. त्यांच्या घरी जेवलेले, एक. (लटारूभाऊ, प्रचाराच्या वेळी. फोटो निघाल्यावर ताट तसंच सारलं होतं. गावाला ते आठवत होतं.)

"स्वातीच जाईन," संघाचा अध्यक्ष, म्हणजे तिचा नवरा प्रफुल्ल, म्हणाला. "नीलाबाई तं आपल्या घरचीच हाये न!"

खोटं नव्हतं. नीलाबाई त्या सतरांपैकीच एका गावची. सात किलोमीटर चालत यायची. आधी थोरल्या दिव्यानीला, मग या तान्ह्याला तेल लावून न्हाऊ घालायची. मागच्या अंगणात जेवायची, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या ताटात (ताट स्टीलचंच होतं, हे नोंदवलं पाहिजे). बहिष्कारापासून ती आली नव्हती. स्वाती चोळायला बसली की बाळ आकांत करायचं. संघाला बाजार हवा होता, स्वातीला ते दोन हात.

संघानं अर्ज छापून आणला. रकाने तीन.

कोणाच्या घरी जेवलात? स्वातीनं लिहिलं, नीलाबाई.

काय जेवलात? बाळंतपणात नीलाबाईनं मोहाचे लाडू आणून दिले होते. लाडू तिच्या घरचे, म्हणजे जेवण तिच्याच घरचं. फक्त बसणं इथलं. स्वातीला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. लिहिलं, लाडू.

घरात कोण कोण होतं?

पेन थांबलं. (वाचकांनी हसण्याआधी आपल्याकडे येणाऱ्या बाईंसाठी एवढा एकच रकाना भरून पाहावा.)

पाच वर्षांची दिव्यानी खांद्यावरून वाकून पाहत होती.

"आई, नीलाबाई तं आपल्या बाळाजवळ राह्यते. मंग तिच्या बाळाले कोण न्हाऊ घालते?"