तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

मुलगा बोलायचा बंद झाला होता. म्हणजे तोंड शाबूत होतं, जेवायला ते चांगलं उघडायचंही, पण प्रश्न कुठलाही असो, उत्तर एकच, "हं." कानात इअरफोन आणि खोलीचं दार बंद.

"अहो, तुम्ही बोला ना जरा त्याच्याशी," बायको म्हणाली. "बाप आहात ना?"

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. गावभरच्या अडकलेल्या लिफ्टची दारं त्याने उघडली होती. घरातलं हे एक दार मात्र त्याला दाद देत नव्हतं. पोरगं हातचं निसटतंय, या भीतीने त्याची झोप उडाली होती.

मग त्याला धंद्यातलीच युक्ती सुचली. सकाळी मुलगा खाली निघाला, तसा तोही मागोमाग लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट जरा वेळ मध्येच थांबवायची, मग पळेल कुठे? बटणांखालच्या कुलपात त्याने हळूच किल्ली घातली. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि तिथल्या काकू बाजाराची पिशवी घेऊन आत आल्या. दार लागलं, लिफ्ट निघाली. बेत फिसकटला म्हणून तो घाईघाईने किल्ली काढायला गेला, ती भलतीकडेच फिरली, कटकन मोडली आणि लिफ्ट जागच्या जागी थांबली.

हत्यारांची पिशवी घरी होती.

"घाबरू नका, इथे नंबर आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाटीवर बघून फोन लावला. बापाच्या खिशातला फोन वाजू लागला.

"घ्या तुमचा फोन. इथे मेलं कुणी उचलत नाहीये."

त्याने उचलला.

"हॅलो, आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय."

"माहीत आहे," बाप म्हणाला.

काकूंनी फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना धापच लागली. धीर द्यायला बापाने तोंड उघडलं, पण त्याचीच बोबडी वळली होती.

मुलाने इअरफोन काढले.

"आजी, खाली बसा. हळू श्वास घ्या. मांजराचा पाय कसा आहे आता? परवा आपण डॉक्टरकडे नेलं, तेव्हा केवढं ओरबाडलं त्याने मला!"

काकू चक्क हसल्या. बाप बघतच राहिला. याने मांजर डॉक्टरकडे नेलं? कधी? आणि याचा आवाज कधी फुटला? भरदार, शांत आवाज, आणि बोलणं तर थांबतच नव्हतं.

"आजी, केसातल्या दोन पिना द्या बरं." पिनांच्या चिमट्यात मोडका तुकडा धरून त्याने अलगद फिरवला. लिफ्ट हलली. "सुट्टीत तुमच्याबरोबर कामावर यायचो ना," तो बापाकडे न बघताच म्हणाला.

"किती बोलका हो तुमचा मुलगा," खाली उतरताना काकू म्हणाल्या. "घरी तर डोकं खात असेल."

"शाबास रे," बाप कसाबसा म्हणाला.

"हं." इअरफोन परत कानात गेले.

बापाने नवी किल्ली करून घेतली. एके दिवशी ती खिळ्यावर सापडेना. तो शोधतोय तोच काकूंचा फोन आला: लिफ्ट पुन्हा तिथेच अडकली होती. हत्यारं घेऊन तो जिन्याने धावला.

"कोण आहे आत?"

"मी. हत्यारं राहू द्या, बाबा. काही बिघडलेलं नाही."

"मग?"

"थोडं बोलायचं होतं. घरी जमत नाही."

बाप पायरीवर बसला. त्याला कितीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

"हं."