मलगोंडाअण्णांची दोन मिनिटं

१९५१ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि मलगोंडाअण्णा पन्नाशी ओलांडलेले. कोल्हापुरातल्या आमच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीला भोंगा नव्हता, कारण अण्णा होते. सकाळी फाटकातून आत शिरताना ते "आलो रं पोरांनो!" म्हणायचे आणि शाहूपुरीतल्या शेजारच्या कारखान्यांतली माणसंसुद्धा विड्या विझवून आत पळायची. असल्या आवाजाच्या या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा नाद होता. शांततेचा.

खोटं सांगत नाही. माणूस मेला की त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, ही गोष्ट अण्णांनी दसरा चौकात एका दुखवट्याच्या सभेत पहिल्यांदा पाहिली आणि ती त्यांच्या अंगात भिनली. सभा कुणासाठी होती हे त्यांना धड सांगता यायचं नाही. "कुणीतरी मोठा माणूस गेलता," एवढंच. पुढचं मात्र रंगवून सांगायचे. "दत्या, काय सांगू तुला! चौक गच्च भरल्याला, आन् कडंच्या टांग्याचं घोडं फुरफुरल्यालं ऐकू आलं की रं!" घोडं कसं फुरफुरलं तेही करून दाखवायचे. त्या फुरफुरण्यानं आमच्या पत्र्यावरची कबुतरं उडून जायची.

अण्णा मूळचे नेसरीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. आमच्याकडं ते वाळूत साचे करायचे. उसाचे चरक, मोटेची चाकं, काय वाटेल ते. मी इंजिनवाला. अख्ख्या फौंड्रीत एकच ऑईल इंजिन. त्याच्यावर पट्टा, पट्ट्यावर लेथ, ड्रिल आणि भट्टीला वारा देणारा पंखा. मी इंजिन बंद केलं की सगळं बंद. म्हणजे मालकाच्या खालोखाल मीच, असं माझं मत होतं, आणि अजून आहे. शिक्षण म्हणाल तर तिसरीत सोडलं. मास्तर म्हणाले बाकावर उभा राहा. मी म्हणालो, का म्हणून? आणि घरी आलो.

तेव्हा अण्णांचं आणि माझं जमणं कठीणच होतं.

पहिली शांतता त्यांनी पाळली ती कोळशाच्या गाडीच्या बैलासाठी. बैल फाटकातच बसला तो उठलाच नाही. अण्णा वाळूचे हात झाडत मधोमध येऊन उभे राहिले आणि ओरडले, "सगळी सुम्म निंद्र!" म्हणजे कानडीत, गप उभे राहा.

"बैलासाठी?" लेथवरच्या हुसेनभाईनं विचारलं.

"मग? आपल्या फौंड्रीतला न्हवता व्हय त्यो? पगार सोडला तर तुझ्यात आन् त्याच्यात फरक काय हुता?"

हुसेनभाईनं जरा विचार केला. "फारसा न्हाय," तो म्हणाला आणि लेथ सोडून उभा राहिला.

मग अण्णा माझ्याकडं वळले. "दत्या, इंजिन बंद कर."

"पट्टा उतरवतो की. इंजिन ऱ्हाऊ द्या."

"त्ये भकभकतंय. भकभकीत कसली शांतता? माणूस गेलाय, गंमत न्हाय."

"माणूस कुठला? बैल गेलाय."

"बंद कर म्हंतो न्हवं!"

बंद केलं. पण त्यांची दोन मिनिटं म्हणजे माझा घाम. ते जुनं इंजिन जरा गार झालं की त्याच्या डोक्याला स्टोव्ह लावून लाल होईपर्यंत तापवायचं, मग दोघांनी लोंबकळून चाक फिरवायचं, आणि त्याची मर्जी असली तर ते सुरू व्हायचं. म्हणून मी खोक्यावर बसून राहिलो. अण्णांनी डोळे वटारले. मी सांगितलं, "मी वळकीच्या माणसासाठीच उभा ऱ्हानार. ह्या बैलाची आन् माझी वळक न्हवती." त्यानंतर किती शांतता झाल्या, मी एकदाही उठलो नाही. इंजिन बंद करायचो आणि बसायचो.

अण्णांकडं घड्याळ नव्हतं. डोळे मिटून, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून तोंडातल्या तोंडात शंकराचा जप करायचे. जप संपला की दोन मिनिटं संपली. पण जपाची चाल माणसागणिक बदलायची. भला माणूस गेला असेल तर जप इतका सावकाश चालायचा की उभ्या असलेल्यांचे पाय भरून यायचे. कोपऱ्यावरचा लाकूडवखारवाला वारला तेव्हा बाकीचे टोप्या काढतायत तोवर अण्णांचं "बास!" आलंसुद्धा.

"आवो, ही कसली दोन मिनिटं?" हुसेनभाई म्हणाला.

"मापात मारायचा त्यो. तसंच दिलं माप."

आणि ते "बास!" म्हणजे काय विचारू नका. एकदा त्या आवाजानं दचकून रंगाऱ्याच्या हातातला डबा मालकाच्या धोतरावर गेला होता.

या सगळ्याला न जुमानणारी एकच बाई होती, ताराक्का. दुपारी भाकऱ्यांची बुट्टी घेऊन ती फाटकाशी येऊन बसायची. झुणका, भाकरी आणि असा खरडा की डोळ्यांतून पाणी आलं तरी माणूस आणखी मागायचा. नवरा नाही, मूल नाही. ती आलेली असताना अण्णा शांतता पाळायला उभे राहिले की ही खुशाल बोलत राहायची.

"अण्णाप्पा, भाकरी निवतीया. मेल्याला काय कळतंय? जित्याला भूक लागलीया!"

"सुम्म ऱ्हा, अक्का!"

"तुझ्या बाचं खातीया व्हय मी गप ऱ्हायाला? बस खाली, जेव."

आणि अण्णा, सगळ्या फौंड्रीला गप्प करणारे अण्णा, जपातच बसायचे आणि जेवायचे.

मग ती भट्टीची भानगड झाली. मालकाचे सासरे गेले. मालक मयतीला गेले. भट्टी पेटलेली, बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, पातळ होत आलेलं, साचे मांडून तयार. अण्णा मधोमध आले. "मालकाचा सासरा. म्हंजे आपला बी सासराच. दत्या, इंजिन बंद!"

मी म्हणालो, "अण्णा, भट्टी चालू हाय."

"माणूस गेलाय, गंमत न्हाय!"

"बघा हं. मी इचारलं."

"बंद!"

मी बंद केलं. चूक माझी नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. इंजिन थांबलं, पंखा थांबला, भट्टीचा वारा गेला. सासरा मोठा माणूस म्हणून अण्णांचा जप बैलगाडीच्या चालीनं चाललेला. नंतर मी स्टोव्ह लावला, चाकाला लोंबकळलो, पण इंजिनाची मर्जी काही झाली नाही. ते सुरू झालं तोवर भट्टीतलं बीड भट्टीतच गोठून बसलं होतं.

मालक मयतीहून आले ते थेट भट्टीपाशी. बघितलं. आंघोळ करायचंही भान राहिलं नाही त्यांना. "सासरा गेला त्यो गेला, भट्टी बी घालवली व्हय रं?" ते ओरडले. "मलगोंडा, ऐक! हितनं म्होरं ह्या फौंड्रीत कुणी मरायचं न्हाय! आन् मेलंच, तर ज्यो गप उभा ऱ्हाईल त्येनं त्याच पावली घरी जायचं. पुन्यांदा यायचं न्हाय!"

घण घालून ती भट्टी फोडता फोडता आमचे हात सोलून निघाले. शांतता बंद झाली. अण्णा ओरडायचे तसेच, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हळूच विचारायचे, "कुणी गेलं का रं?" आणि कुणी गेलं असलं की वाळूत बोटानं रेघोट्या ओढत बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी हुसेनभाई उशिरा आला. ताराक्का त्याच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. तो म्हणाला, "ताराक्का गेली. पहाटंला. गल्लीतल्यांनी न्हेली बी."

अण्णा साचा ठोकत होते. हात थांबला. मग परत ठोकायला लागले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. कुणी वाळू चुकीची भिजवली, कुणी साचा तिरका ठेवला, तरी नाही.

दुपारी, बुट्टी यायच्या वेळेला, अण्णा उठले. हात झाडले. मधोमध येऊन उभे राहिले, टोपी काढली, डोळे मिटले. कुणाला उभं राहा म्हणाले नाहीत. मला इंजिन बंद कर म्हणाले नाहीत. लेथ घरघरतोय, इंजिन भकभकतंय आणि त्या गोंगाटात हा माणूस एकटा उभा. मालक आत खोलीत, दार उघडं. नोकरी जाणार हे अण्णांना ठाऊक होतं. त्या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेणार होतं त्यांना?

मला बंद कर म्हणाले नाहीत, हे मला लागलं. एवढी वर्षं माझ्यावर खेकसले आणि आज विचारलंसुद्धा नाही. मी इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो. कुणी म्हणेल, दत्तू वाकला. दत्तू वाकला नाही. ताराक्का माझ्या ओळखीची होती.

मग हुसेनभाई उभा राहिला. मग सगळेच.

इंजिन थांबलेलं ऐकून मालक बाहेर आले. तोंड उघडलं होतं. पण सगळे उभे, आणि एवढ्या शांततेत पहिला शब्द टाकायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी टोपी काढली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

जप संपेना. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या वेळेला रोज पोटात भाकरी असायची. मालक माझ्या कानाशी कुजबुजले, "दत्तू, किती वेळ रं?"

मी म्हणालो, "चांगली बाई हुती, मालक. लागंल."

अखेर अण्णांनी डोळे उघडले. "बास," म्हणाले. कुणी दचकलं नाही, इतकं हळू.

"मलगोंडा," मालक म्हणाले. मालकांनी टोपी घातली, नीट केली. "हितनं म्होरं जेवायच्या सुट्टीत पाळायची. भट्टीच्या दिवशी न्हाय म्हंजे न्हाय." आणि आत गेले. दारातून परत वळून म्हणाले, "आन् आज जेवायचं काय करनार हायसा सगळी? कुणीतरी जावा, शेव-चिरमुरं घेऊन या. माझ्या नावावर."

त्या संध्याकाळी मी अण्णांबरोबर चालत गेलो. बोलावलं नव्हतं, मीच गेलो. शुक्रवार पेठेत त्यांची खोली. एक चटई, एक चूल, खुंटीला सदरा. बायको, गंगव्वा, जाऊन बरीच वर्षं झालेली.

"बस," अण्णा म्हणाले. मला ऐकू येईना. वाकून ऐकायला लागलं.

"घसा बसला व्हय, अण्णा?"

"न्हाय. हितं असाच असतोय. कुनावर वरडू?"

मी इकडं तिकडं बघितलं. खरंच, ओरडण्यासारखं काही नव्हतं. "मग तुमाला शांततेचा कटाळा याला पायजे की. तितं आनि कशाला पाळता?"

अण्णांनी चुलीतली राख बाजूला सारली. "त्ये येगळं, दत्या. हितं कुणी न्हाय म्हनून आवाज न्हाय. तितं शेजारी हुसेन हाय, पल्याड तू खोक्यावर बसल्याला हायस, सगळी हायत, आन् गप हायत. लई बरं वाटतंय बघ."

मी पाणी प्यालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगावेशीत तांब्याभर धारोष्ण दूध घेतलं, अण्णांच्या खोलीवर गेलो आणि दार बडवून बडवून ओरडलो, "अण्णा! उठा! च्या कुटं हाय?"

दार उघडलं. "तुला कुणी बोलीवलंय रं?" अण्णा पुटपुटले.

"बोलवायला कशाला पायजे? दूध माझं हाय!"

त्यांनी चूल पेटवली, आधण ठेवलं आणि त्यात गुळाचा खडा टाकला.

"गूळ? फाटंल की दूध!"

"कोल्लापूरचा गूळ हाय. न्हाय फाटत."

"फाटनार!"

"न्हाय फाटत!"

"काय कळतंय का तुमाला च्यातलं?"

"तुला कळतंय व्हय, तिसरी नापास!" आता अण्णांचा आवाज लागला. भांडी हलली. शेजारची म्हातारी झाडू हातात घेऊन धावत दारात आली. "काय झालं वो? कोन गेलं काय?"

"कुनी गेलं न्हाय, मावशी!" अण्णा गरजले. "पावना आलाय! अक्कल न्हाय त्येला!"

दूध फाटलंच. मी बरोबर होतो. तो फाटलेला चहा मी तीन बशा प्यालो.