दौलतरावांची अडचणपेटी

दौलतरावांच्या मोटरीत बसायचं तर आधी मांडीवर वीट घ्यावी लागे. उतारावर मोटर थांबवली की चाकामागे लावायला ती वीट, आणि डिक्कीत जागा नसल्यामुळे तिची सोय पाहुण्याच्या मांडीवर. एकदा एक वकीलसाहेब त्यांच्या मोटरीतून लग्नाला गेले आणि बोलता बोलता वीट हातात घेऊनच मांडवात शिरले. मुलीच्या बापाला तो आहेर वाटला. वीट परत आणायला दौलतरावांना स्वतः आत जावं लागलं.

मी तेव्हा सौंसरच्या शाळेत मास्तर होतो आणि दौलतरावांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. रामाकोन्याकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या. माणूस पन्नाशी उलटलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी कुसुम नागपूरला दिलेली. घरात ते, स्वयंपाकाच्या बाई आणि मोटर. यातलं कोण कुणाला जास्त सांभाळतं हे ठरवणं कठीण होतं.

मोटर आली स्वातंत्र्याच्या वर्षी. परासियाच्या खाणीकडचा एक गोरा साहेब चंबूगबाळं आवरून विलायतेला निघाला, तेव्हा ती दौलतरावांनी घेतली. सगळा मोहल्ला मोटरीभोवती फिरून आरशासारखा रंग बघत होता. दौलतरावांनी मात्र डिक्की उघडली आणि तिथेच उभे राहिले. आत एक लाकडी पेटी होती. नट आवळायचे पाने, दोर, ट्यूबला लावायची ठिगळं, मलमपट्टी, बॅटरी, बिस्किटांचा डबा. एकेक वस्तू कप्प्यात बसवलेली.

"इंग्रजानं दीडशे वर्षं राज्य कायच्यावर केलं मास्तर? तोफेवर? छट्! या पेटीवर."

"मग गेलं कसं?"

"पेटी मले विकली न जी. त्याच महिन्यात गेलं."

त्या दिवसापासून पेटीचं नाव अडचणपेटी. एकीच्या तीन झाल्या. टाकी गळली तर भोक बुजवायला कपड्याच्या साबणाची वडी आली. पंख्याचा पट्टा तुटला तर बांधायला जुन्या लुगड्याचा काठ आला. काळ्या मातीत चाक रुतलं तर खाली घालायला तरट, फावडं, एक घमेलं. एरंडेलाची बाटली मोटरसाठी की माणसासाठी, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. शंका काढणाऱ्याला उत्तर एकच, "अन् लागलं म्हंजे?" त्यापुढे वाद संपला.

"पण हा आरसा अन् कंगवा कायले?" मी एकदा विचारलं.

"समजा, मोटर उलटली. तुमी बाहेर निघाले. गावातले लोक जमले, बायका जमल्या. तवा डोक्स्यावर असं टोपलं घेऊन उभे राहसान काय?"

मी केसांवरून हात फिरवला.

दुःख एवढंच की साहेबाची मोटर भलतीच इमानी निघाली. इतक्या वर्षांत कधी बंद पडली नाही, साधं पंक्चरही नाही. दौलतरावांना हा अपमान वाटे. चालत्या मोटरीत ते मध्येच कान टवकारत आणि मोठ्या आशेनं विचारत, "मास्तर, खडखड करून राहिली काय जी?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. म्हणून कधीकधी मी हो म्हणत असे. मग मोटर थांबे, वीट माझ्या मांडीवरून उतरे, पेट्या उघडत. अर्ध्या तासानं काहीच बिघडलं नाही असं सिद्ध होऊन आम्ही पुढे निघत असू.

पुढे राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर आमच्या राजधानीचं गाव होतं. ते मुंबई राज्यात गेलं. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक मात्र होतो तिथंच राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. बसस्टँडवरच्या हॉटेलात भाषेवरून, नोकऱ्यांवरून रोज खडाजंगी होई. दौलतराव त्यात पडत नसत. त्यांचं दुखणं वेगळं होतं.

"दिली होती चाळीस मैलांवर. पोरगी बसल्या जागी परराज्यात गेली ना जी!"

आता मध्ये फाटक बसणार, शिपाई डिक्की उघडायला लावणार, याची त्यांना खात्री होती. त्यांनी माझ्याकडून एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत लिहून घेतलं, 'मुलीकडे चाललो आहे. सामान अडचणीचे आहे.' फाटक काही बसलं नाही. दौलतराव मात्र दर रविवारी जेवणखाण आटोपून, टोपी घालून नागपूरच्या रस्त्यानं जात आणि दिवेलागणीला परत येत. "कुसुमकडे गेलो होतो," म्हणत. मोहल्ल्यात कौतुक होई. लेकीवर असा जीव पाहिजे!

त्याच हिवाळ्यात एका रविवारी मला नागपूरला जायचं होतं. दौलतराव नेहमीपेक्षा लवकर निघून गेले होते, म्हणून मी बस धरली. सात-आठ मैल गेल्यावर बसला पेट्रोलचा वास यायला लागला आणि ती थांबली. ड्रायव्हरनं खाली वाकून पाहिलं. टाकी गळत होती.

आम्ही सगळे उतरलो. बघतो तर पुढे शंभर पावलांवर निंबाच्या झाडाखाली ओळखीची मोटर उभी, आणि तिच्याकडून दौलतराव धोतर सावरत पळत येत होते. लग्नघरच्या यजमानासारखा चेहरा फुलला होता.

"या, या! काय झालं? टाकी? वा!"

त्यांनी बाह्या सरसावल्या, साबण मळून भोकात बसवला, वरून चिंधी आवळली. तोवर बायकांसाठी तरटं अंथरली गेली. एका आजींना मळमळत होतं, त्यांना लिंबू मिळालं. स्टोव्ह पेटला आणि चहाचं आधण चढलं. ड्रायव्हरला काळे हात पुसायला फडकं, आणि मागोमाग आरसा.

"यांचं काय सांगू," ड्रायव्हर मला म्हणाला. "दर ऐतवारी इथंच बसले राहतात. बैलगाडी असो, सायकल असो, अडलेल्याले चहा पाजल्याबिगर सोडत नाहीत."

मी चमकलो. दौलतराव कप विसळत होते, तिथे गेलो.

"आज कुसुमताईंकडे नाही गेलात?"

त्यांनी दोनदा विसळलेला कप तिसऱ्यांदा विसळला.

"कुसुम आता नागपूरले नाही जी. जावईबापूची कचेरी मुंबईले गेली, तवाच तेही गेले. दोन महिने झाले."

"मग दर रविवारी?"

"ऐतवारी मोटर काढाची सवय हाये. घरात बसलं तर बाई इचारते, पोरीकडं नाही गेले? म्हून इथवर येतो. पुढं कोनाकडं जाऊ?" त्यांनी बसकडे पाहिलं. "कोनी अडलं तर घंटाभर बोलते. ज्याची गाडी धड हाये, तो कायले थांबते मास्तर?"

बसचा कंडक्टर हाका मारायला लागला. माझं नागपूरचं काम एका दिवसानं अडणारं नव्हतं. मी पिशवी उतरवून घेतली आणि बस जाऊ दिली.

आम्ही झाडाखाली बसलो. ते कुसुमबद्दल बोलायला लागले. तिला वरणात गूळ लागतो. लहानपणी ती संत्र्याच्या बिया गिळायची आणि पोटात झाड येईल म्हणून रडायची. मुंबईच्या खोलीला एकच खिडकी आहे, असं पत्रात लिहिलं होतं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मधेच लांबून धूळ दिसली. दौलतराव बोलायचे थांबले आणि उठून रस्त्याच्या कडेला गेले. कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक आला, त्यांच्यासमोरून वेग कमी न करता निघून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले.

"गाडी चांगली चालून राहिली जी," ते हळूच म्हणाले, आणि टोपीवरची धूळ झटकून परत येऊन बसले.