साहेबांची मंजुरी

सकाळी साडेदहाला जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर ‘डिस्क भरली’ म्हणून हटून बसला आणि नव्या कारकुनीणबाईंनी आधी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. नोकरीचे कच्चे सहा महिने आजच संपत होते. कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीविना पडला होता.

बाईंनी मामेभावाला फोन लावला. ऑफिसातले कॉम्प्युटर लिनक्सवर चालत, आणि लिनक्स म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

“ताई, स्क्रिप्ट पाठवलीय, चालव. नको असलेली पॅकेजं, म्हणजे जादाचे प्रोग्रॅम, ती आपोआप काढेल. मी दातवाल्याच्या खुर्चीत चढतोय, ठेवतो.”

स्क्रिप्ट धावली आणि मध्येच अडली. चारशे बारा पॅकेजं काढतेय, काढू? हो की नाही? भाऊ फोन उचलेना. आ वासून बसला असणार. आता, या ऑफिसात टाचणीसुद्धा मंजुरीशिवाय जागची हलत नसे. बाईंनी रीतसर अर्ज लिहिला, ‘चारशे बारा पॅकेजं काढण्यास परवानगी मिळावी’, आणि केबिनमध्ये नेला.

“साहेब, जरा वाचून...”

“डोकं नका खाऊ हो. ठेवा इथं.” साहेबांनी फोन कानाला तसाच ठेवून सह्या ठोकल्या.

बाईंनी ‘हो’ दाबलं. दहा मिनिटांत पडद्यावरची चित्रं गेली, खिडक्या गेल्या, माउसचा बाण गेला. उरला काळाकुट्ट पडदा. खिडकीबाहेर रांग कुरकुरायला लागली.

तेवढ्यात सुजलेल्या आवाजात भावाचा फोन. “अगं, सगळा डेस्कटॉपच उडवलास तू!”

“मी नाही रे. साहेबांनी.”

“परत बसवू. पण संध्याकाळ होईल.”

गलका ऐकून साहेब तणतणत बाहेर आले. “कुणाला विचारून केलंत हे?”

बाईंनी अर्ज पुढे धरला. साहेबांनी तो वाचला. मग चष्मा पुसून खालची सही वाचली. अर्ज बाईंच्या हातात परत देऊन ते केबिनमध्ये गेले आणि पाच मिनिटांनी दुसराच कागद घेऊन आले.

“हे घ्या, कायम झालात. आता तो अर्ज इकडे द्या, आणि हा विषय इथंच संपला.”

बाईंनी अर्ज दिला. साहेबांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

“पण साहेब, त्याची प्रत मघाशीच मुख्य कार्यालयाला गेली. नियमच आहे ना.”

“कुणी पाठवायला सांगितली?”

“अर्जाखाली पाठवणीचं पत्र होतं की. त्यावरही तुमचीच सही आहे.”