कटरेभाऊंचा तहसीलदार

कटरेभाऊंबद्दल लिहायचे मी सहा वर्षे टाळले. कोणी विषय काढला की त्यांचे गमतीचे किस्से सांगायचो आणि शेवट जवळ आला की सुनेला चहा ठेवायला सांगायचो. आता माझेही वय झाले. शेवट सांगायलाच हवा.

गोंदियाजवळच्या कुडव्यात ते आमच्या शेजारी राहायला आले, त्याच आठवड्यात कुंपणावरून हाक आली, "डाक्टरसाहेब, तहसीलदाराची नखं वाढली जी. तुम्ही पकडा, मी कापतो."

मी डॉक्टर नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून निवृत्त झालो. पण गल्ली मला डॉक्टर म्हणायची आणि मी कधी कोणाला टोकले नाही.

तहसीलदार म्हणजे एक निळा लव्हबर्ड निघाला. पिंजऱ्यात पटवारी, कोतवाल आणि हिरवी सरपंचीणही होती.

"ही नावं काऊन ठेवली भाऊ?"

"वाटणीच्या कामासाठी तीस वर्षं याइच्या दारात उभा राहिलो जी. आता हे माह्या दारात."

साहेबलोक राळे खाऊन झाल्याशिवाय कटरेभाऊ स्वतः जेवत नसत. देवरीहून मुलीचा फोन आला की म्हणायचे, "थांब माय, पटवारी खांद्यावर बसून राहिला." हे कोणाच्या तरी कानावर गेले आणि नागरा गावचा एक माणूस सातबारा घेऊन त्यांच्या दारात आला. पटवाऱ्याशी यांची एवढी घसट आहे तर आपलेही काम होईल, असे त्याला वाटले. कटरेभाऊंनी पाखरू बोटावर बसवून त्याच्यापुढे धरले. "हा घ्या. पण हा बी सही नाही करत."

बायको वारल्यानंतर त्यांनी ही पाखरे आणली होती. दिवसभर त्यांच्याशी बोलायचे. "का जी तहसीलदारसाहेब, आज मीठ जास्त झालं का?" आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. माझी नात पिहू तेव्हा पाच वर्षांची होती. शाळा सुटली की तडक त्यांच्याकडे. पिंजऱ्याला गाल लावून बसायची.

मग सरपंचिणीने पिंजऱ्यातल्या मडक्यात अंडी घातली. कटरेभाऊंना रात्रंदिवस तोच घोर. दर तासाला विचारायचे, "पिल्लं निंघतीन ना जी?" आमच्याकडे चार गावरान कोंबड्या होत्या. ज्या कोंबडीच्या सगळ्या अंड्यांतून पिल्ले निघतात तिच्याखालचे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दुसरीला घातले की तिचीही निघतात, असे माझी आई म्हणायची. मी मोठ्या दिमाखाने कोंबडीच्या टोपल्यातले मूठभर तणस काढले आणि सरपंचिणीच्या मडक्यात घातले. जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे केले.

पंधरा दिवसांत कटरेभाऊ मनगटे खाजवू लागले. मागोमाग पिहूच्या मानेवर, हातांवर लाल पुरळ उठले. ती झोपेत रडायची. गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारले, "घर में पंछी हैं क्या?" सून म्हणाली, "शेजाऱ्यांकडे आहेत." डॉक्टरांनी समजावले की पाखरांच्या अंगावरचे बारीक किडे माणसालाही चावतात, पण माणसाच्या अंगावर ते टिकत नाहीत. पाखरांना औषध लावा, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा, एवढेच.

एवढेच. पण घरी आलो तर गल्ली जमलेली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. आणि मी डॉक्टर झालो.

"पाखरांचा रोग आहे," मी म्हणालो. "कटरेभाऊ, लेकरांच्या गल्लीत हे चालायचं नाही. पाखरं हलवा."

कटरेभाऊ काहीतरी विचारणार होते. माझ्याकडे पाहिले आणि आत वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यासकट पिंजरा सायकलला बांधून ते बाजारातल्या पाखरांच्या दुकानदाराला देऊन आले. कोणीतरी चिडवले, "काहो, साहेबलोक कुठं गेले?"

"बदली झाली जी साऱ्याइची," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले.

आठवडा गेला तरी पिहूची खाज थांबेना. एका संध्याकाळी कोंबड्या झाकताना माझा हात चुरचुरला. टॉर्च आणून पाहिले. टोपल्याच्या बांबूच्या फटींत लाल ठिपके होते आणि ते चालत होते. हे किडे दिवसा असे फटीत दडतात, अंधार पडला की रक्त प्यायला निघतात. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवले होते.

रोग माझ्या घरचा. तणसातून तो मीच पाखरांना दिला होता.

टोपले आणि तणस मी शेताच्या धुऱ्यावर नेऊन जाळले, कोंबड्यांना औषध लावले. कोणाला काही बोललो नाही. पिहू बरी झाली. पाखरे गेली म्हणून बरी झाली, असे गल्ली म्हणाली.

त्यानंतर कटरेभाऊ आमच्याकडे आले. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. हात जोडून म्हणाले, "माह्यापायी पोरीले तकलीफ झाली डाक्टरसाहेब. माफी द्या."

मी म्हणालो, "होते असं कधीकधी."

मी माफी देऊन टाकली!

वर्षभरात मुलगी त्यांना देवरीला घेऊन गेली. सांगून टाकायचे असे ठरवून मी एकदा बसने गेलो. कटरेभाऊ ओसरीवर एकटेच होते. मला पाहून इतके हरखले की पाणी आणताना अर्धे सांडले. मुलीचे तान्हे बाळ आत रडत होते. ती म्हणाली, "बाबा, घ्या ना याले जरा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

ती मला म्हणाली, "पाहा ना काकाजी, जनमल्यापासून एकदा बी हात नाही लावला नातवाले. तुम्हीच समजावा. तुमचं ऐकतेत."

"कायले घेऊ?" कटरेभाऊ हळूच म्हणाले. "माह्या हाताले पाखराइचा रोग आहे. डाक्टरसाहेबाइले इचार."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. बाळ रडतच होते. मी म्हणालो, "आता काही नाही. घ्या खुशाल." ते हसले, मान हलवली, हात मागेच राहिले. मी त्यांचे मन राखायला बोलतो आहे, असे त्यांना वाटले. खरे कारण सांगितले असते तर त्यांनी त्याच क्षणी बाळ उचलले असते. मी धानाच्या पिकाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो आणि चारची बस धरली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला. नातवाला एकदा तरी घेतले का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बसमध्ये, घरी, कोंबड्यांना दाणे टाकताना मी तेव्हा न बोललेली ती वाक्ये किती वेळा जुळवली. कटरेभाऊ, तुमची पाखरे स्वच्छ होती. तुमचे हात स्वच्छ होते. रोग माझ्या टोपल्यातला होता, ते मला ठाऊक होते आणि तरी मी तुम्हाला हात जोडू दिले. मला माफ करा. आणि बाळाला घ्या.