फक्कीचं घर

आमचे शेजारी सोनकांबळे काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बसण्याआधी खोली मोजतात. टेपनं नव्हे, पावलांनी. आम्ही लातूरला घर घेतलं तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी निकाल दिला, "हॉल सव्वा फूट कमी हाय, सर. बिल्डरनं खाल्ला." दुसऱ्या दिवशी मी गुपचूप टेप लावला. सव्वा फूटच कमी होता. तेव्हापासून त्या हॉलमध्ये मला कोंडल्यासारखं होतं.

काका जमीन मोजणीच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले. "आधी हद्द कायम करा, मग बोला," हे त्यांचं सगळ्यावरचं औषध; भांडण पार्किंगचं असो की नवराबायकोचं. काकू गेल्यापासून एकटेच राहतात, आणि संध्याकाळी कुणाची पायरी रस्त्यावर किती आलीय ते बघत फिरतात. गल्ली हसते. मीही हसायचो.

यंदा त्यांच्या मुलीचं, सुजाताचं, नांदेडला प्रदर्शन लागलं. ती कलाकार आहे, पण चित्रं काढत नाही, जागा मांडते. पत्रिकेवर विषय छापला होता, 'वेळ आणि रिकामी जागा'. काकांनी तो दोनदा वाचला. "रिकामी जागा बघायला नांदेडला कशाला जायचं? औशाच्या रस्त्याला लई पडून हाय." तरी सकाळी सहाच्या बसला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी हजर.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. सुजातानं जमिनीवर पांढरी फक्की मारून लहानपणचं जळकोटचं भाड्याचं घर जसंच्या तसं आखलं होतं. भिंती नाहीत, सामान नाही. नुसत्या रेघा, आणि आत जागोजागी फक्कीनंच लिहिलेल्या वेळा. पहाटे पाच, आई, स्टोव्ह. दुपारी दोन, ऊन इथपर्यंत. संध्याकाळी सात, माझा अभ्यास.

काका कडेकडेनं पावलं टाकत फिरले. ओठ हलत होते. "बराबर हाय," ते मला म्हणाले. "तिथून निघालो तवा पोरगी नऊ वर्षांची होती. आठवणीवर काढलंय, सर. बोटभर चूक न्हाई." छाती दोन इंच तरी फुगली असेल. ती मात्र त्यांनी मोजली नाही.

मग ते आखलेल्या दारापाशीच उभे राहिले. प्रमुख पाहुणे गळ्यात हार घालून रेघ ओलांडू लागले, तर काका आडवे. "साहेब, तिथं भिंत हाय. दार हिकडं." पाहुणे मुकाट्यानं वळले आणि बूट काढून दारातून आत आले. "माझ्या पोरीनं केलंय," काकांनी त्यांनाही सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकालाच सांगत होते.

एका बाईंनी सुजाताला विचारलं, "खिडकीजवळ काहीच का नाही लिहिलं?"

"ती पप्पांची जागा," सुजाता म्हणाली. "ते कायम मोजणीला गावोगाव असायचे. कोणत्या वेळी घरात असायचे ते आठवलंच नाही. खोटं कसं लिहू?"

काका चार पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. मग चपला काढल्या, दारातून आत गेले, आणि खिडकीजवळ मांडी घालून बसले.

"लिही," ते म्हणाले.

"काय, पप्पा?"

"वेळ. पावणेबारा झालेत. तवा न्हवतो, ते तसंच राहू दे. आजचं लिही."

सुजाता मुठीत फक्की घेऊन खाली बसली. अक्षर काही नीट येईना. डोळे पुसता पुसता तिचं तोंड पांढरं झालं. मला काकांचा फार अभिमान वाटला, आणि आपण इतकी वर्षं हसलो याची लाज.

दुपारी परतीच्या बसची आठवण करून द्यायला मी रेघेबाहेर जाऊन थांबलो. काका जागचे हलले नव्हते.

"तुमी निघा, सर," ते म्हणाले. "मी आत्ता कुठं घरी आलोय."